आठ जण, आठ सायकली आणि डॅन्यूबचा काठ

सायकलवरून युरोपातले तीन-चार देश पार करायचे ठरलं की सगळे आधी नकाशा उघडतात. नकाशा थांबू शकतो. आधी माणसं मोजा, कारण गटाच्या सफरीत पुढचं जवळपास सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. चार जण कुठल्याही लोकल गाडीत सायकली घुसवू शकतात, दोन खोल्यांत झोपू शकतात, आयत्या वेळी टेबल मिळवू शकतात. आठ जणांना यातलं प्रत्येक काम आधी सांगून करावं लागतं. बारा झाले की सोबत गाडी आणि ड्रायव्हर हवा, मग ती वेगळ्याच प्रकारची सहल होते. माझं मत विचाराल तर सहा उत्तम, आठ ही हद्द. त्यापुढे सरळ दोन गट करा, दोघांची बुकिंगं वेगळी ठेवा आणि संध्याकाळी भेटा.

मार्गाबद्दल फार डोकं खाजवायची गरज नाही. युरोवेलो या नावाने खंडभर १७ लांब पल्ल्याचे सायकलमार्ग आखलेले आहेत. त्यातला ६ क्रमांकाचा फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत जातो: सुमारे ४,४५० किलोमीटर, दहा देश. त्याचा मोठा भाग डॅन्यूब नदीच्या काठाने जातो, आपल्याला तोच हवाय. १५ क्रमांकाचा ऱ्हाईन नदीच्या उगमापासून नेदरलँड्समधल्या समुद्रापर्यंत. पहिल्याच गटसफरीला ऱ्हाईन मोहक वाटतो, पण तो आल्प्समध्ये सुरू होतो. आंडरमाट (१,४३७ मीटर) ते ओबरआल्प खिंड (२,०४६ मीटर) हा चढ सामान लादलेल्या सायकलीने दोन तास घेतो आणि गटातला सगळ्यात कच्चा गडी पहिल्याच दिवशी खचतो. डॅन्यूब तसा छळत नाही. प्रवाहाच्या दिशेने गेलं की एकूण उतार मिळतो, वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून म्हणजे पाठीवर असतो, आणि बऱ्याच अंतरात जवळपास रेल्वे असल्यामुळे कुणाचा गुडघा बोलायला लागला तर त्याला गाडीत बसवून पुढच्या मुक्कामी पाठवता येतं.

लांबीचे तीन पर्याय. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना साधारण ३२० किलोमीटर, दोन देश, आठवडाभरात निवांत. पासाऊ ते बुडापेस्ट साधारण ६५०, चार देश: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी. आणि ज्यांच्याकडे तीन आठवडे आहेत त्यांनी जर्मनीतल्या डोनाऊएशिंगेनपासून निघावं, म्हणजे बुडापेस्टपर्यंत बाराशेच्या वर होतात. आठ जणांसाठी मधला पर्याय सोन्यासारखा आहे. पुढचं बहुतेक त्यालाच धरून लिहितोय.

दिवसाचं अंतर ठरवताना बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे. एकटा माणूस सामानासह सपाटीवर ताशी १६ किलोमीटर सहज काढतो. म्हणून ७० किलोमीटरला साडेचार तास, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण आठ जणांच्या गटात एक पंक्चर आठ जणांना थांबवतं. पाणी भरायचं तर आठ बाटल्या, जेवायला बसलं तर आठ ऑर्डरी, शौचालय एकच. थांबे धरून गटाचा वेग ताशी ९ ते ११ वर येतो. म्हणजे तेच ७० किलोमीटर सात तास खातात. सकाळी नऊला निघालात तर चार वाजता पोहोचाल, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून सरासरी ६० ते ६५ धरा, पहिला दिवस ४० चा ठेवा (सीट, हँडल, पॅनियर म्हणजे कॅरियरला लटकवायच्या पिशव्या, सगळ्यांची जुळवाजुळव त्याच दिवशी होते), आणि पाच दिवस चालवल्यावर एक दिवस पूर्ण सुट्टी. या मार्गावर ती सुट्टी व्हिएन्नात आपसूक येते. ६५० ला ६० ने भागलं की अकरा दिवस. त्यात व्हिएन्नाचा एक आणि पावसाचा राखीव एक मिळवून तेरा. राखीव दिवस काढून टाकायचा मोह प्रत्येक गटाला होतो. काढू नका.

व्हिसाचं काम गटाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, त्यांनी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे मुक्कामावरून ठरतं: जिथे सर्वांत जास्त दिवस, तो देश. दिवस सारखेच असतील तर जिथून प्रथम प्रवेश, तो. पासाऊ ते बुडापेस्टमध्ये ऑस्ट्रियाचे दिवस जास्त होतात. डोनाऊएशिंगेनहून निघालात तर जर्मनीचे. आठही जणांनी एकच मुक्कामपत्रक जोडून एकाच देशाकडे अर्ज करावा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी घेतात. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पॉलिसीत सायकल-प्रवासाचा अपघात धरलाय का आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च आहे का, हे बारीक अक्षरात वाचून घ्या. मुक्काम रद्द करता येणारे बुक करा, कारण आठांपैकी एकाचा व्हिसा अडकू शकतो आणि तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं हे आधीच ठरलेलं बरं. बुडापेस्टच्याही पुढे सर्बियात जायचं असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तिथून रुमानियात किंवा बल्गेरियात शिरताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करत असता, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. रुमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसकट शेंगेनमध्ये आलेत.

शेंगेनच्या आत सीमा जाणवत नाही हे बव्हंशी खरं, तरी अलीकडे जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सीमांवर अधूनमधून तपासणी होते. पासपोर्ट पॅनियरच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, असं नको. पुढच्या छोट्या पिशवीत हवा.

आता रेल्वे. सायकलसकट आठ जणांनी एकाच गाडीने जायचं, ही कल्पनाच गटाला अडचणीत आणते. जर्मनीच्या आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलला आरक्षण सक्तीचं आहे आणि जागा मोजक्याच असतात. ऑस्ट्रियाच्या रेलजेट या जलद गाडीतही तेच. रिजनल गाड्यांत आरक्षण नसतं, सायकलचं वेगळं तिकीट काढून जे आधी येतील ते चढतात, पण व्हीलचेअर आणि बाबागाडीचा हक्क पहिला आणि डबा भरला तर कंडक्टर नाही म्हणू शकतो. म्हणून चार-चारच्या दोन तुकड्या करून लागोपाठच्या दोन गाड्या धरा. म्युनिकहून पासाऊला थेट रिजनल गाडी आहे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार दुपार टाळा. एक पळवाट मात्र चांगली आहे: चाकं काढून पिशवीत भरलेली सायकल सामान म्हणून धरली जाते.

स्वतःच्या सायकली न्याव्यात की तिकडे भाड्याने घ्याव्यात? आठ जणांसाठी माझा कौल भाड्याच्या बाजूने. विमानाचा खर्च वाचतो हे एक झालंच, पण खरा फायदा असा की सगळ्या सायकली एकाच जातीच्या मिळतात: एकाच मापाचे टायर, एकच व्हॉल्व्ह, एकाच प्रकारचे ब्रेक पॅड. आठ घरच्या सायकली म्हणजे तीन मापांच्या ट्यूब, दोन तऱ्हेचे व्हॉल्व्ह आणि ९, १० व ११ गिअरच्या तीन वेगळ्या चेनच्या कड्या. पासाऊत सायकल घेऊन व्हिएन्नात सोडायची सोय सहज मिळते. बुडापेस्टला सोडायची असेल तर आधी विचारा. बुकिंग करताना नुसती उंची सांगू नका, पायाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. आपली सीट आणि पेडल घरून न्या. बाकी सायकल परकी असली तरी बूड ओळखीच्या जागी टेकतं. ई-सायकल हवी असेल तर ती तिथेच घ्यावी लागते, कारण १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलच्या बॅटऱ्या त्याच्या दुपटीपेक्षा जास्त असतात.

तरीही स्वतःची नेणार असाल तर पॅकिंगमध्ये चार गोष्टी बिघडतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. जोर लावून उलटं फिरवणारे क्रँकच्या आट्या खराब करतात. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावरून, सोडवून चिंध्यांत गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा, नाहीतर खोक्यावर दुसरं खोकं पडलं की हँगर वाकतो. चाक काढल्यावर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घाला. वाटेत कुणी लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. आणि पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये लाकडी ठोकळा किंवा सायकलच्या दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा आडवा तुकडा बसवा. पॉवर बँक केबिनमध्येच. १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने २७,००० एमएएच, परवानगी लागत नाही. शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, तिकडे घ्यावा.

गटाची हत्यारं आणि सुटे भाग मिळून तीन किलोच्या आत बसतात. प्रत्येकाकडे स्वतःची एक ट्यूब आणि आपल्या सायकलचा हँगर. सामाईक पिशवीत: प्रत्येक मापाच्या आणखी तीन-चार ट्यूब, पंक्चरचे तीन डबे (चिकटद्रव्याची नळी एकदा उघडली की सुकते, म्हणून न उघडलेल्याच), दोन पंप, चेन तोडायचं हत्यार, जोडकड्या, प्रत्येक प्रकारचे ब्रेक पॅड, गिअरच्या दोन केबल, मागच्या चाकाचे तीन स्पोक निपलसकट, कॅरियरचे दहा एम-५ स्क्रू, वीस झिप टाय आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा. हा तुकडा टायरची बाजू फाटली की आतून लावायचा, दुकानापर्यंत पोहोचवतो. कॅरियरचे स्क्रू रोज सकाळी हाताने तपासा, भरल्या पॅनियरच्या हादऱ्याने तेच आधी ढिले होतात. पिशवी कायम शेवटच्या माणसाकडे. पुढे चाललेल्याकडे हत्यारं असतील तर मागे पंक्चर झालेला गडी नुसता बघत बसतो.

पंक्चरचा एक नियम सगळ्यांनी पाळावा. टायर चढवताना त्यावरचं छापील नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणा. ट्यूबला भोक सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजता येतं आणि आत रुतलेली तार किंवा काच कुठे असेल ते लगेच कळतं. ती न काढता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा तोच कार्यक्रम. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काटा-बिटा शोधत बसू नका: हवा कमी होती आणि ट्यूब रिमखाली चिमटली. सामानासह ३७ ते ४० मिलिमीटरच्या टायरला मागे साधारण ४ ते ४.५ बार, पुढे अर्धा बार कमी, हे बहुतेकांना जमतं.

चालवताना गट तुटतो तो वळणांवर. यावर एकच पद्धत आहे जी फोन आणि नेटवर्कशिवाय चालते. पुढारी वळणाशी आला की त्याच्या मागचा दुसरा माणूस तिथे, वाटेच्या बाहेर, दिसेल असा उभा राहतो आणि हाताने दिशा दाखवतो. सगळे त्याच्यापुढून जातात. पिछाडीचा माणूस दिसला की तो सुटतो आणि त्याच्या पुढे लागतो. पुढच्या वळणाला तेव्हाचा दुसरा उभा राहतो. असं दिवसभर आपोआप फिरत राहतं. मोडते कधी? उभा राहिलेला ‘सगळे गेले असतील’ म्हणून पिछाडी यायच्या आधीच निघतो तेव्हा. म्हणून पिछाडीच्या अंगावर दुरून ओळखू येणारं नारिंगी जॅकेट असावं, आणि ते दिसल्याशिवाय हलायचं नाही. फोटोसाठी थांबणाऱ्याने वाटेवरून पूर्ण खाली उतरावं. डॅन्यूबकाठी रेसिंग सायकलवाले आणि ई-सायकलवाले जोरात येतात आणि वाट अडवणाऱ्या टोळक्याला घंटी वाजवून सुनावतातही.

कायदे देशागणिक बदलतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात सायकलचं चित्र असलेली गोल निळी पाटी दिसली की त्या सायकलवाटेवरूनच जायचं, शेजारच्या रस्त्यावरून नाही; ऑस्ट्रियात चौकोनी पाटी असेल तर तुमची मर्जी. स्लोव्हाकियात गावाबाहेर सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं. हंगेरीत गावाबाहेर अंधारात किंवा धूसर हवेत चमकणारं जॅकेट लागतं. ऑस्ट्रियात सायकलस्वारालाही मद्याची मर्यादा आहे, रक्तात ०.८ प्रति हजार, आणि मेल्क-क्रेम्समधल्या वाखाउच्या द्राक्षमळ्यांतून जाताना ती आठवणीत ठेवावी लागते. आपत्तीत सगळीकडे ११२.

मुक्काम जून ते ऑगस्टमध्ये दोन-तीन महिने आधी घ्या. आठ जणांना एकाच छोट्या गेस्टहाऊसमध्ये चार खोल्या मिळणं अवघड, म्हणून एका गावात दोन ठिकाणी चार-चार चालवून घ्या. जर्मनीत ‘बेट+बाइक’ (Bett+Bike) अशी पाटी असलेली ठिकाणं शोधा. ती एका रात्रीसाठीही खोली देतात, सायकलींना कुलूपबंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय ठेवतात. मनात येईल तिथे तंबू ठोकायचा विचार सोडा. विशेषतः व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हाच्या मधलं डोनाऊ-आऊएन हे राष्ट्रीय उद्यान आहे.

रविवार हा खरा खलनायक. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहालाच शटर खाली. आठ भुकेली माणसं आणि एक बंद सुपरमार्केट, हे चित्र टाळायचं तर शनिवारी दुपारीच रविवारचं भरून घ्या. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं तेवढी उघडी सापडतात. १५ ऑगस्ट ऑस्ट्रियात आणि बव्हेरियाच्या बऱ्याच भागात सुट्टी असते. २० ऑगस्ट हंगेरीचा राष्ट्रीय दिन. त्या सुमारास बुडापेस्टमध्ये आठ जणांना जागा शोधणं म्हणजे शिक्षा. तारखा आखताना तो आठवडा वगळा.

मार्गावरच्या अडचणीच्या जागा मोजक्याच. पासाऊनंतर श्लोगेनला नदी वेलांटी घेते. तिथे डाव्या काठाची वाट मध्येच तुटते आणि सायकली पलीकडे नेणाऱ्या होडीशिवाय पुढे जाता येत नाही. होड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, लहान होडीत आठ सायकली एका खेपेत मावतीलच असं नाही. उशीर होणार असेल तर उजवा काठ धरा. मेल्क ते क्रेम्स हा ३५-३६ किलोमीटरचा वाखाउ पट्टा मार्गातला सगळ्यात देखणा, तिथे मुद्दाम छोटा दिवस ठेवा. व्हिएन्ना सोडल्यावर हाइनबुर्गच्या पुलापर्यंत पूरबांधावरची सरळसोट वाट लागते: सावली नाही, पाणी नाही, करमणूक नाही. माणशी दोन लिटर पाणी घेऊन सकाळी लवकर निघा. ब्रातिस्लाव्हापुढे गाबचिकोवोच्या कालव्याचा बांधही तसाच, समोरून वारा लागला तर दोन-दोन किलोमीटरनी पुढचा माणूस बदला. हंगेरीत कोमारोमनंतर एस्टरगोमकडे काही भाग रहदारीच्या रस्त्यावरून जातो. तिथे चार-चारच्या तुकड्या, मध्ये दोनशे मीटर अंतर, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला ओलांडायला जागा मिळते.

पूर आला की काठावरची वाट बंद होते. जून २०१३ मध्ये पासाऊत पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, आणि सप्टेंबर २०२४ च्या पुराने ऑस्ट्रियाच्या लोअर ऑस्ट्रिया प्रांताला झोडपलं. म्हणून प्रत्येक दिवसाची जीपीएक्स फाइल (फोनच्या नकाशावर मार्ग दाखवणारी) वेगळी करा, दोन्ही काठांची ठेवा आणि आठही फोनमध्ये ऑफलाइन नकाशासह उतरवून घ्या. ती फक्त पुढाऱ्याच्या फोनमध्ये असेल तर त्याचा फोन पाण्यात पडल्या दिवशी गट आंधळा होतो.

पैशांचं सोपं ठेवा. खजिनदार एकच, दर आठवड्याला प्रत्येकी १५० युरोंची वर्गणी. जेवण, होडी, सामाईक किराणा त्यातून. खोली आणि बिअर ज्याची त्याने. हंगेरीतले शेवटचे दिवस तिथल्या फोरिंट या चलनात जातात, बाकी सगळीकडे युरो. छोट्या होड्या आणि काही गेस्टहाऊस कार्ड घेत नाहीत, म्हणून खजिनदाराकडे दोनशेच्या आसपास रोख, आणि त्यात सुटे.

परतीचं विमान बुडापेस्टहून असेल आणि सायकली स्वतःच्या असतील तर खोकी शोधायची वेळ शेवटच्या दिवसावर ढकलू नका. आठ खोकी एका दुकानात नसतात. व्हिएन्नातून निघतानाच बुडापेस्टच्या तीन-चार सायकल दुकानांना ईमेल करा, पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी उचला, आणि विमानतळापर्यंत मोठी व्हॅन आदल्या दिवशी ठरवून ठेवा.